सातशे बारा नंबरचे सोपानभाऊ

सोपानभाऊ कॅमेऱ्यासमोर हात जोडून "नमस्कार" म्हणायचे आणि मग गप्प बसायचे. एक, दोन, तीन, चार. मोजून चार सेकंद. हात तसेच जोडलेले, नजर समोर, ओठांवर पाहुण्याकडे बघून हसावं तसं हसू. पहिल्या दिवशी मला वाटलं, पुढचं विसरले. मी कॅमेऱ्यामागून हाताने "पुढे, पुढे" अशा खुणा केल्या. त्यांनी दाद दिली नाही. बातम्या संपल्यावर मलाच म्हणाले, "सुधीरराव, मानसं उलट नमस्कार करत्यात. त्यास्नी येळ द्यायला नको?"

"भाऊ, टीव्हीला उलट नमस्कार कोण करतं?"

"मुंबईच्या बातम्यास्नी आंबीत सात जण करत्यात. मी बघून आलोय."

"मी बघून आलोय" हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. त्यापुढे कोणाचं काही चालत नसे.

मी कोण ते सांगतो. लोणावळ्यात एका लॉजच्या गच्चीवर पत्र्याच्या दोन खोल्या होत्या. तिथून आमचं केबल चालायचं, थेट तळेगावच्या पलीकडच्या गावांपर्यंत. एका खोलीत यंत्रं, दुसरीत निळा पडदा, एक टेबल आणि दोन दिवे. गच्चीत डिश, डिशवर माकडं. कॅमेरा मी, आवाज मी, दिवे मी, माकडं हाकलणाराही मीच. रोज संध्याकाळी सात वाजता पंधरा मिनिटं स्थानिक बातम्या जायच्या आणि त्या सोपानभाऊ वाचायचे. बावीस वर्षं.

मी मुळात कमी बोलणारा. बायको म्हणते, तुमच्याकडून माहिती काढण्यापेक्षा विहिरीतून घागर काढणं सोपं. पण सोपानभाऊंच्या बाबतीत माझ्याकडून एक गोष्ट घडली आहे आणि ती वगळून त्यांच्याविषयी लिहिलं तर ते खोटं होईल. ती सांगणारच आहे. आधी भाऊ कसे आहेत ते सांगतो, म्हणजे मी काय केलं ते नीट कळेल.

भाऊ आंबीचे. आमच्याकडे ते नोकरी मागायला आले नव्हते, भांडायला आले होते. त्या काळी सिनेमा चालू असताना खाली पट्टी सरकायची, तिच्यात आम्ही निधनाच्या बातम्या द्यायचो. कोणी तरी फोनवर सांगितलं, आंबीचे दगडू गेले. मी पट्टी टाकली. आंबीत दगडू दोन होते. गेले ते एक आणि मी पूर्ण नाव घातलं दुसऱ्याचं. दुसऱ्या दिवशी सकाळी जिना चढून एक उंच, काटकुळे गृहस्थ आले. मागे धोतर सावरत एक म्हातारबाबा.

"हे दगडूआबा," ते गृहस्थ म्हणाले. "काल तुमी यांचं निधन केलं."

दगडूआबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला खुर्ची सोडून उभं राहावं लागलं. "माझी लेक कामशेतवरनं रडत आली की रं," ते म्हणाले. "रडत आली ती आली, वर चार बायका घेऊन आली. त्यास्नी जेवाय कोन घालनार?"

केबलचे मालक आत बसले होते. त्यांना हसू आवरेना आणि लाजही वाटत होती. त्या गडबडीत ते सोपानभाऊंना म्हणाले, "एवढी काळजी आहे तर तुम्हीच वाचा ना बातम्या!"

टोमणा होता तो. पण भाऊंना टोमणे कळत नसत, किंवा कळून त्यांचा ते उपयोग करून घेत असत. ते म्हणाले, "किती वाजता येऊ?" आणि दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून पावणेसातला हजर झाले.

तेव्हापासून आमच्या बातम्यांचा वेग निम्मा झाला. भाऊंनी स्वतः पाहिल्याशिवाय बातमी जायची नाही. धरणातून पाणी सोडलं, भाऊ बघून यायचे. घाटात गाड्या अडकल्या, भाऊ पुलावर उभे राहून बघून यायचे. एकदा वराळ्याच्या शिवारात बिबट्या दिसल्याचा बोभाटा झाला. भाऊ स्कूटरवर दोन दिवस हिंडले आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी वाचलं, "वराळे परिसरात बिबट्या आढळल्याचे सांगणाऱ्या चार इसमांना आम्ही प्रत्यक्ष पाहिले आहे. बिबट्यास मात्र पाहिलेले नाही." पडद्यावर त्यांची भाषा अशी सरकारी कागदासारखी असायची. सदर, उपरोक्त, इसम. दिवा बंद झाला की लगेच, "आता घोटभर चा पाजा, घसा पार वाळला."

निधनाच्या बातमीला तर ते घरीच जायचे. बसायचे, नावगाव विचारायचे, पाणी प्यायचे आणि मग यायचे. एकदा एका घरच्यांनी जरा घाईने फोन केला. भाऊ गेले, तासाभराने परत आले आणि दारातूनच म्हणाले, "बातमी थांबवा. आजून न्हाई."

"आजून न्हाई म्हणजे?"

"बाबा उठून बसलाय. जिलबी मागतोय."

तो बाबा पुढे दोन वर्षं जगला. भाऊ मधूनमधून त्याच्याकडे चक्कर टाकायचे. घरच्यांना म्हणे जरा अवघडल्यासारखं व्हायचं.

आता मूळ मुद्दा. आमचं केबल छोटं. अशा छोट्या केबलला कोणा तरी मोठ्या नेटवर्कशी जोडून घ्यावंच लागतं. मोठे लोक वरून शेकडो वाहिन्या देतात आणि एका कोपऱ्यात तुमच्या गावच्या बातम्यांना जागा देतात. ही मोठी नेटवर्कं सारखी बदलायची. एक दुसऱ्याला विकलं जायचं, दुसरं बंद पडायचं, तिसरं सेट टॉप बॉक्स घेऊन यायचं. प्रत्येक वेळी आमचं नाव बदले, पडद्याचा रंग बदले, माइकवरचा ठोकळा बदले. भाऊंना त्याचं काही नव्हतं. नेटवर्कचं नाव त्यांनी कधी पाठ केलं नाही. "पाठ हुतंय तवर कंपनी जाती," म्हणायचे. ते सरळ "आपलं केबल" म्हणत.

एक गोष्ट मात्र त्यांना महत्त्वाची वाटे. नंबर. नेटवर्क बदललं की आमच्या बातम्यांचा नंबर बदलायचा. आधी नऊ होता, मग अठ्ठेचाळीस, मग तीनशे दहा, मग पाचशे चौसष्ट. तरुण मंडळी रिमोट दाबत शोधून काढायची. म्हाताऱ्या माणसांना ते जमायचं नाही. म्हणून भाऊ घरोघर जायचे.

ही त्यांची मोहीम बघण्यासारखी असे. ते जुन्या लग्नपत्रिका गोळा करायचे, त्यांच्या कोऱ्या बाजूचे विड्याच्या पानाएवढे तुकडे कापायचे आणि जाड पेनाने नंबर लिहायचे. ती चिठ्ठी टीव्हीच्या कडेला चिकटवायची. आणि चिकटवायला काय? भात. एका छोट्या पितळी डब्यात इंद्रायणीचा मऊ भात घेऊन ते निघायचे. "डिंकाची चिठ्ठी म्हयन्यात पडती," ते सांगायचे. "इंद्रायनीची न्हाई. भिंत पडंल, चिठ्ठी न्हाई पडनार." चार शितं चिठ्ठीच्या मागे चोळायची, अंगठ्याने दाबायची, मग रिमोट हातात घेऊन नंबर लावून दाखवायचा, मग त्या आजीला तीनदा लावायला लावायचं. नवख्या घरी लोकांना डबा बघून वाटायचं, हे जेवायला आलेत. बायका ताटच वाढायच्या.

आंबी, वराळे, पवनानगर, डोंगरावरच्या वाड्यावस्त्या. तीनएकशे घरं. नेटवर्क बदललं की मालक डोकं धरून बसायचे, मी तारा आणि कागद यांच्यात बुडून जायचो. भाऊ तेवढे पत्रिका कापत बसलेले असायचे आणि बारीक शीळ घालायचे. मला ती शीळ कधी कळली नाही.

चार महिन्यांपूर्वी पाचवं नेटवर्क आलं. मालकांचे गुडघे गेले होते, म्हणून बोलणी करायला त्यांनी मला पाठवलं. तळेगावच्या एका हॉटेलात त्या कंपनीचा माणूस भेटला. वागायला चांगला होता. लॅपटॉपवर बघत एकेक गोष्ट विचारत होता, कागदावर टिपत होता. शेवटी म्हणाला, "हे लोकल बुलेटिन काय आहे? क्लिप आहे का?"

मी मोबाईलवर आदल्या दिवशीच्या बातम्या लावल्या. भाऊ पडद्यावर आले. "नमस्कार." आणि मग त्यांचे ते चार सेकंद.

त्या माणसाने मोबाईलवर बोटाने टकटक केलं. "हँग झाला का?"

"नाही, ते थांबतात."

"का?"

मी सांगितलं का ते. तो हसला. अगदी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. आणि मीही हसलो.

मग त्याने विचारलं, "कोणी बघतं का हे?"

मी म्हणालो, "फारसं नाही."

त्याने कागदावर एक ओळ खोडली. मी ती खोडताना पाहिली. पुढे तो म्हणाला की तुम्ही मात्र राहा, तुमच्यासारखा माहितगार माणूस आम्हाला लागेल. मी मान हलवली. चहा संपवला. घरी आलो. बायकोने विचारलं, काय झालं? म्हटलं, झालं.

मला तेव्हा कोणी धमकावलं नव्हतं. माझं काही अडलेलंही नव्हतं. समोरचा हसतोय तर आपण त्याच्या बाजूचे दिसावं, एवढंच कारण. बाकी कारणं मी नंतर बरीच शोधली, एकही टिकलं नाही.

नवं नेटवर्क चालू झालं त्या सकाळी भाऊ चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन हजर. खुर्चीत बसले, पेनाचं टोपण काढलं आणि म्हणाले, "बोला. नंबर?"

तोंड उघडलं ते खरं सांगायलाच. टेबलावर माझ्या सासुरवाडीच्या जमिनीचा सातबारा पडला होता. नजर त्यावर गेली आणि तोंडातून निघालं, "सातशे बारा."

"सातबारा!" भाऊ खूश झाले. "बेस. कुनालाबी ध्यानात ऱ्हाईल. माझी जमीन गेली कंपनीत, आता ह्यो एवढाच सातबारा आपला." आणि लिहायला लागले.

मी म्हणालो असतो, थांबा भाऊ. नाही म्हणालो. वाटलं, दोन दिवसांत त्यांनाच कळेल. घरोघर सांगतील लोक, इथे काही दिसत नाही, मग प्रश्न मिटेल.

मिटला नाही. दुपारी मी उत्सुकतेने आमच्या यंत्रावर सातशे बारा लावून बघितला. तिथे निळा पडदा होता आणि मधोमध मोठ्या अक्षरात एकच शब्द, "लवकरच". कंपनीने कुठल्या तरी दुसऱ्याच वाहिनीसाठी जागा राखून ठेवली होती.

भाऊंनी तो शब्द वाचला आणि त्यांची खात्री पटली. संध्याकाळी येऊन म्हणाले, "आवो, तितं लवकरच लिवलंय. तांत्रिक अडचन हाय वाटतं?"

"हो," मी म्हणालो. "आहे थोडी."

"मग बातम्या वाचायच्या ना?"

"वाचायच्या की."

आणि ते वाचायला लागले. कॅमेरा चालू, दिवे चालू, पुढ्यातल्या छोट्या टीव्हीवर भाऊ दिसतायत. पण तिथून पुढे तार कुठेच जात नव्हती. अकरा दिवस मी एका माणसाला माझ्या एकट्यासाठी बातम्या वाचायला लावल्या. अकरा दिवस ते चार सेकंद थांबायचे आणि मी कॅमेऱ्यामागे मान खाली घालून उभा असायचो.

दिवसा ते चिठ्ठ्या लावत हिंडत होते. लोक म्हणायचे, दिसत नाही. भाऊ म्हणायचे, दिसंल, सुधीरराव लागलेत कामाला. हे मला वराळ्याच्या एका गिऱ्हाइकाने फोनवर सांगितलं. "भाऊ तुमचं लई कौतुक करत हुते. म्हणाले, मानूस रातध्याड राबतोय." मी फोन ठेवला. त्या दिवशी जेवण गेलं नाही.

पाचव्या-सहाव्या दिवसापासून भाऊ जरा उतरलेले दिसायला लागले. शीळ बंद. बातम्या झाल्यावर चहा न घेताच जायचे. एकदा मला विचारलं, "सुधीरराव, माझा आवाज बसलाय का वो?"

"नाही तर. का?"

"काय न्हाई. सहज."

बाराव्या दिवशी रविवार होता. सकाळी अंघोळ करताना मी ठरवलं की आज सांगायचं. भाऊ कुठे आहेत म्हणून आंबीत फोन केला, तर शेजारी म्हणाले, कामशेतवरून जीपने पवनानगरला गेलेत. मी मोटरसायकल काढली. जीपवाल्याने घर सांगितलं, धरणाच्या वरच्या अंगाला हौसामावशी म्हणून एक एकट्या राहतात, त्यांचं.

दार उघडंच होतं. आत टीव्ही चालू. पडद्यावर "लवकरच". समोर पाटावर हौसामावशी, मांडीवर निवडायचे तांदूळ. आणि टीव्हीच्या शेजारी भाऊ उभे. हातात कागद. मोठ्याने वाचत होते, "पवनानगर ते कामशेत मार्गावर सदर ठिकाणी डांबर टाकण्यात आल्याचे आम्ही प्रत्यक्ष पाहिले आहे."

"कुटं टाकलंय?" मावशी म्हणाल्या. "माझी कंबर अजून दुखती जीपमंदी."

"मावशी, मधी बोलू नगा. बातम्या हायेत."

"बरं बाबा."

मला बघून भाऊ गडबडले. "ही म्हणली, मी काय लवकरच बघत बसू का? म्हणून म्हणलं वाचून दावतो. अडचन मिटंतवर."

मी म्हणालो, "भाऊ, जरा बाहेर या."

बाहेर पडवीच्या कट्ट्यावर बसलो. खाली पाण्याच्या काठाने पर्यटकांचे रंगीबेरंगी तंबू लागलेले. मावशींनी आतून कोरा चहा आणून दिला. तो मी तसाच निवू दिला. मग एकदम सगळं बोललो.

"भाऊ, सातशे बारा नंबर खोटा आहे. तोंडाला आला तो मी दिला. नव्या कंपनीने आपल्या बातम्या घेतल्याच नाहीत. बारा दिवस झाले, तुमच्या बातम्या कुठेच जात नाहीत."

भाऊंनी चहाचा घोट घेतला.

"आणि त्यांनी मला विचारलं होतं, कोणी बघतं का. मी म्हणालो, फारसं नाही. तुमचा नमस्कार बघून तो माणूस हसला. त्याच्याबरोबर मीही हसलो."

भाऊंनी कप कट्ट्यावर ठेवला. मी शिव्यांची वाट बघत होतो. खरं सांगायचं तर मला त्या हव्या होत्या.

"म्हंजे," भाऊ हळूच म्हणाले, "लोकं खरं सांगत हुती?"

"कोण लोक?"

"आवो सगळीच. जातो तितं म्हणत्यात, भाऊ दिसत न्हाई, भाऊ दिसत न्हाई. एका घरी न्हाई, धा घरी न्हाई, शंभर घरी! मला वाटलं, खोटं बोलत्यात. आपल्याला कट्टाळली. त्वांडावर कसं सांगायचं म्हणून नंबरचं नाव करत्यात." त्यांनी दोन्ही हातांनी तोंड पुसलं. "आठ दिस झालं, घास गिळंना. आन् हे कंपनीचं हुतं व्हय? मग काय न्हाई! कंपन्या येत्यात जात्यात. मला वाटलं मानसं गेली."

आणि ते हसायला लागले. आतून मावशींनी विचारलं, "काय झालं रं?" तर म्हणाले, "काय न्हाई मावशे, बातम्या बंद पडल्या!"

मी विचारलं, "तुम्हाला राग नाही आला?"

"आला की. खोट्या नंबराचा आला. दीडशे चिठ्ठ्या लावल्या मी. बोट बघा, कसं काळं झालंय. पर हसल्याचा न्हाई. बावीस वरसं हसत्यात लोकं मला. मला काय कळत न्हाई व्हय? हसत्यात म्हंजे बघत्यात."

मी घाईघाईने सांगायला लागलो की आपण मोबाईलवर बातम्या टाकू. तिथे नेटवर्क नको, कंपनी नको. नंबरच नाही. एकदा बोट लावलं की दिसतं, कोणाला काही लावून द्यायला नको.

भाऊंचा चेहरा पडला. "मग कुनाच्या घरी जायाचंच न्हाई?"

"गरजच नाही."

त्यांनी कट्ट्यावरचा कप जवळ ओढला. मग म्हणाले, "एक सांगू? तुमी सगळी त्वांड पाडून बसायचा, कंपनी बदलली, कंपनी बदलली. आन् मला आतनं लय बरं वाटायचं. आई जाऊन पंधरा वरसं झाली. लगीन ऱ्हाऊनच गेलं. घरात मी आन् भिंती. आता मला सांगा, मोकळ्या हातानं कुनाच्या दारात जायाचं आन् म्हणायचं काय? कशापायी आला म्हणून इचारलं तर? नंबर बदललाय म्हणलं की मानूस दार उघडतो. बसाय देतो. चा टाकतो. लेकरं काय करत्यात, सून कशी हाय, सगळं सांगतो. चार-पाच वरसांनी कंपनी बदलायची, तीनशे घरं व्हायची. मयताच्या घरीबी जातो मी, पर तितं कोन हसून बोलत न्हाई."

बावीस वर्षं मी त्या माणसाच्या तोंडावर दिवा मारत होतो.

कप उचलता उचलता भाऊ एकदम ताठ बसले. "सुधीरराव! त्या चिठ्ठ्या!"

"काय त्यांचं?"

"खोट्या हायेत. काढाय नगोत?" त्यांचे डोळे चमकायला लागले. "दीडशे घरं! रोज धा केली तरी पंधरा दिस!"

मी म्हणालो, "मीही येतो."

आम्ही सुरुवात हौसामावशींपासून केली. चिठ्ठी निघता निघेना. इंद्रायणी. ओलं फडकं लावून ठेवायचं, भात भिजेपर्यंत बसायचं, तोवर चहा. रोज केबलचं काम आटोपून मी भाऊंच्या स्कूटरवर मागे बसायचो. प्रत्येक घरी भाऊ म्हणायचे, "हे सुधीरराव. ह्यास्नी काय तरी सांगायचंय." आणि मला सांगावं लागायचं. नंबर खोटा होता. मी दिला होता. बातम्या बंद झाल्या त्यात माझा हात आहे. पहिल्या घरी मी अडखळलो. विसाव्या घरी सवय झाली. आंबीच्या एका आजीने मला तोंड भरून शिव्या दिल्या आणि वर लाडू दिला. दगडूआबांचा मुलगा म्हणाला, "तुमचं केबल पहिल्यापासून असंच." तीस-चाळीस घरांनंतर मला रात्री नीट झोप यायला लागली. बायको म्हणाली, तुम्ही घोरायला लागलात परत.

आणि मला आणखी एक दिसलं. त्या दीडशेपैकी एकाही घरात "भाऊ कोण?" असं कोणी विचारलं नाही. फारसं कोणी बघत नाही, असं मी म्हणालो होतो.

शेवटची चिठ्ठी वराळ्यात निघाली. भाऊंनी ती घडी करून खिशात ठेवली आणि स्कूटरजवळ येऊन नुसते उभे राहिले. किल्ली हातात, पण लावेनात. मला माहीत होतं ते कशाची बेरीज-वजाबाकी करतायत.

मी म्हणालो, "भाऊ, रविवारी आमच्याकडे या."

बावीस वर्षांत मी हे म्हणालो नव्हतो. भाऊ तीनशे घरी गेले, माझ्या नाही. माझ्या घरी चिठ्ठीची गरज नव्हती ना.

"तुमच्याकडं? का?"

"काही नाही. असंच."

"टीव्ही बिघडलाय का?"

"नाही."

"मग काय म्हणून येऊ?"

"काही म्हणून नका. या."

त्यांनी मान हलवत स्कूटर चालू केली. रविवारी मात्र आले. दारात उभे राहून बायकोला म्हणाले, "हितनं चाललो हुतो." आंबीहून लोणावळ्यात आमच्या गल्लीतून पुढे जाण्यासारखं काहीही नाही. गल्ली आमच्या दारातच संपते. बायको म्हणाली, "बरं झालं, या." ते खुर्चीच्या कडेला बसले, चहा संपताच उठले.

पुढच्या रविवारी म्हणाले, "तुमचा नळ गळतो म्हणत हुते सुधीरराव." मी असं काही म्हणालो नव्हतो. त्याच्या पुढच्या रविवारी इंद्रायणीचे तांदूळ आणले. "जादा हुते." बायकोने त्या दिवशी त्यांना जेवायला थांबवलं आणि विचारलं, तुमच्या आई काय काय करायच्या? भाऊ काळ्या घेवड्याच्या आमटीवर अर्धा तास बोलले. मी त्यांना बातम्यांखेरीज एवढं बोलताना पहिल्यांदा ऐकलं.

मधे एक रविवार त्यांनी चुकवला. बायको दोनदा दारापर्यंत जाऊन आली.

परवाच्या रविवारी बेल वाजली. मी दार उघडलं. भाऊ उभे होते, पांढरा शर्ट, दोन्ही हात रिकामे. त्यांनी तोंड उघडलं, काही तरी सांगायला शोधलं. मग तोंड मिटलं. माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले,

"आलो."

मी बाजूला झालो. ते चपला काढून सरळ आत गेले.